किल्ली फिरवण्याआधी

एप्रिलची खरड छाटणी उरकली, द्राक्षबाग पुतण्याच्या हवाली केली आणि २०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेलो. ओहायो नावाच्या राज्यात तिचे घर आहे. मुलूख सपाट, रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका आणि सोयाबीनची शेते. पाहून जीव निवला. पण लेकीच्या घरी शेत नव्हते. होते ते घराभोवती पाऊण एकर गवत. आपल्याकडे एवढ्या गवतावर एखादी म्हैस सहज पोसली गेली असती. तिथे ते ना गाईला, ना म्हशीला. दर आठवड्याला कापायचे आणि तिथेच पसरू द्यायचे. फार वाढू दिले, तर पुष्कळ गावांत पालिकेची नोटीस येते म्हणे.

हे गवत कापायला जावईबापूंनी एक छोटा ट्रॅक्टर ठेवला होता. आपल्या बागेतल्या मिनी ट्रॅक्टरचे जणू शिंगरूच. पेट्रोलवर चालणारा, वर बसायला गादी, हाती स्टिअरिंग, आणि पोटाखाली पत्र्याचे मोठे झाकण. त्या झाकणाखाली दोन लोखंडी पाती आडवी फिरतात आणि गवत कापतात. मी म्हटले, "हे तर पोरांचं खेळणं दिसतंय." चाळीस वर्षे ट्रॅक्टर हाकलेला माणूस मी. तो खेळणे वाटावा, यात नवल नव्हते.

शेजारी पंचाहत्तरीचे एक गृहस्थ राहात. लहानपण मक्याच्या शेतावर गेलेले. भाषा येत नसली, तरी शेतकऱ्याला शेतकरी ओळखू येतो. जावईबापूंना कामावरून सवड मिळेना, तेव्हा मला यंत्र शिकवायचे काम या म्हातारबाबांनी अंगावर घेतले. मधे दुभाषी म्हणून लेक उभी राहिली. मला वाटले, आता किल्ली देतील. पण बाबांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि मला आधी अंगणभर पायी फिरवले.

पडलेल्या काटक्या वेचल्या. दगड वेचले. नातवाचा चेंडू, पाण्याची नळी, कुत्र्याने आणून टाकलेले हाडूक, सारे उचलून बाजूला केले. त्या पात्यांची टोके ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतात. खाली खडा सापडला, तर तो गोफणीतून सुटल्यासारखा जातो. राखणीच्या दिवसांत गोफण फिरवलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

मग यंत्राकडे वळलो. मागची एक कडी ओढली की त्याची चाके मोकळी होतात. तसे ते ढकलतच उघड्यावर आणले, सपाट जागी उभे केले. बंद खोलीत इंजिन चालू ठेवायचे नाही, हा तिथला पहिला धडा. धुराड्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू येतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला नुसती गुंगी येते आणि तो उठतच नाही. आपल्याकडे दार लावून विहिरीच्या खोलीत किंवा शेडमध्ये इंजिन चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नंतर ऑइल. कांडी काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढायची, आणि मग दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे का, ते पाहायचे. पेट्रोल भरायचे ते इंजिन थंड असताना आणि तेही काठोकाठ नाही. सांडले तर पुसून वाळू द्यायचे. इंजिनभोवती अडकलेला वाळका पाला काढायचा, कारण तापलेल्या धुराड्याला तो टेकला की पेट घेतो. चारी चाकांची हवा पाहायची. पायात बंद बूट, कानावर टोप्या.

एवढे झाल्यावर बाबांनी लेकीला विचारले, "पोरगा कुठे आहे?" नातू तेव्हा पाच वर्षांचा होता. सौ.ने त्याला घरात धरून ठेवले आहे आणि दाराला कडी आहे, हे स्वतः पाहून येईपर्यंत बाबांनी किल्ली खिशातून काढली नाही. तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात की सोळा वर्षांखालच्या मुलाने असले यंत्र चालवू नये, आणि यंत्रावर दुसरे माणूस म्हणून तर कोणीही बसू नये. मांडीवर नातू घेऊन फेरी मारावी, असे माझ्या मनात होते. ते मनातच राहिले.

मग बसलो. पायाखालचा ब्रेक पूर्ण दाबला. पात्यांची कळ बंद आहे, हे पाहिले. चालवण्याचा दांडा न्यूट्रलला. इंजिन गार होते म्हणून चोक ओढला. आता किल्ली फिरवायची, तीही चार-पाच सेकंदच. नाही लागले तर सोडायचे, थोडे थांबायचे आणि मग पुन्हा. दाबून धरले तर सेल्फ तापतो आणि बॅटरी बसते. इंजिन लागले की चोक हळूहळू आत सारायचा, दोन मिनिटे गरम होऊ द्यायचे, आणि मगच पाती जोडायची. मागे जायचे असेल तर पाती बंद करून, मान पूर्ण वळवून पाहायचे. उतारावर उभे वर-खाली चालवायचे, आडवे नाही. आडवे चालवले तर कलंडते.

हे सारे मी मुकाट्याने ऐकले. पुढे बाबांनी जे करून दाखवले, त्याने मात्र मी चकित झालो. ब्रेकवरचा पाय काढून किल्ली फिरवायला सांगितली. सेल्फ फिरलाच नाही. पात्यांची कळ चालू करून फिरवायला सांगितली. तरी नाही. मग यंत्र रीतसर चालू केले, पाती जोडली आणि बाबा म्हणाले, "आता जागेवरून ऊठ." मी गादीवरून थोडा उचललो मात्र, इंजिन खटकन बंद पडले.

गादीखाली एक स्विच असतो. त्यावर माणसाचे वजन नसेल, तर यंत्र समजते की चालवणारा पडला किंवा उतरला. पायाने ढकलत नेण्याच्या गवतकापणी यंत्रासाठीही तिथे १९८२ साली नियम झाला, की दांड्यावरचा हात सुटल्यापासून तीन सेकंदांच्या आत पाते थांबलेच पाहिजे. मी विचारले, "एवढी बंधने कशाला? चालवणाऱ्याला अक्कल नसते का?" लेकीने ते बाबांना सांगितले. बाबा हसले आणि म्हणाले, "अक्कल असते. पण ती रोज सकाळी जागेवर असेलच असं नाही."

त्या क्षणी मला माझ्या धाकट्या भावाची आठवण झाली. पण ती मी मनाआड सारली. गेली कैक वर्षे सारतच आलो होतो.

जून उजाडला. लेकीला मुलगी झाली. घरात धावपळ, आणि नेमके तेव्हाच यंत्र रुसले. जमीन जरा खडबडीत लागली की चालता चालता बंद पडू लागले. जावईबापूंनी गादी उलटून पाहिली. गादीखालचा तो स्विच ढिला झाला होता. धक्का बसला की तो माणूस उठला असे समजे.

जावईबापू म्हणाले, "मामा, नवा स्विच मागवला तर चार-पाच दिवस जातील. पण लोक सांगतात की दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या की झालं. पाच मिनिटांचं काम. तुमचा हात तर या कामात बसलेला."

बसलेलाच होता. जोडाजोडीत माझा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. मी पक्कड घेतली, तारेचा तुकडा घेतला, टोके सोलली. नातू जवळ येऊन उभा राहिला. एक पाय त्याने यंत्राच्या पायरीवर ठेवला होता. उजवा पाय.

वाचकहो, माझ्या हातातली तार तशीच राहिली. मी पक्कड खाली ठेवली आणि पायरीवर बसलो. जावईबापू घाबरले. त्यांना वाटले, मला चक्कर आली. मग जे छत्तीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते, ते मी त्यांना सांगितले.

१९८७ सालची गोष्ट. आमचे गाव निफाड तालुक्यातले. कर्ज काढून ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतलेला. कांद्याचा हंगाम, दिवसाआड लासलगावच्या बाजारात ट्रॉली. अशात किल्लीचा स्विच निकामी झाला. मिस्त्री तालुक्याच्या गावी, तो म्हणे दोन दिवस ट्रॅक्टर सोडा. दोन दिवस सोडायला सवड कोणाला? मीच धाकट्याला युक्ती दाखवली. खाली उभे राहायचे आणि सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना आडवा टेकवायचा. ठिणगी उडते आणि इंजिन धरते. महिनाभर आम्ही तसाच ट्रॅक्टर चालू केला. कोणाला काही झाले नाही. जे महिनाभर होत नाही, ते कधीच होणार नाही, असे माणसाला वाटू लागते.

या युक्तीत दोन खोट्या आहेत. वर बसून किल्ली फिरवणाऱ्याचा पाय क्लचवर असतो, हात गिअरच्या दांड्याजवळ असतो. खाली उभे राहणाऱ्याचे यातले काहीच हाती नसते. आणि तो उभा असतो कुठे? तर पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे, मोठ्या चाकाच्या बरोबर वाटेत.

आमच्या ट्रॅक्टरच्या हँडब्रेकची पकड गेलेली होती. खळ्यापाशी जमिनीला थोडा उतार. एके रात्री बाजारातून उशिरा आलो. ट्रॅक्टर घरंगळू नये म्हणून मी गिअरमध्ये टाकून ठेवला. चाकाला दगड लावला असता, तर गिअरची गरज नव्हती. दगड लावला नाही. धाकट्याला सांगितलेही नाही. पहाटे मी झोपेत असताना त्याने नेहमीप्रमाणे पाना टेकवला. गिअरमधला ट्रॅक्टर नुसत्या सेल्फच्या जोरावरही पुढे सरकतो. इथे तर इंजिनाने लगेच धरले. मोठे चाक त्याच्या उजव्या पायावरून गेले. ट्रॅक्टर पुढे जाऊन गोठ्याच्या दगडी भिंतीला धडकला आणि तिथे घुटमळून बंद पडला. त्या आवाजाने मी उठलो.

नाशिकच्या इस्पितळात गुडघ्याखाली पाय काढावा लागला. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. लग्नाचे बोलणे चालू होते, ते मोडले. पुढे दोन वर्षांनी एका भल्या घरची मुलगी मिळाली, संसार झाला. आज आमची बाग पाहतो तो पुतण्या त्याचाच मुलगा. घरात मला कोणी एका शब्दाने बोलले नाही. नशिबात होते, असे सगळे म्हणाले. मीही नशीबच म्हणत राहिलो. गिअर मी टाकून ठेवला होता, हे मात्र कोणाला सांगितले नाही.

जावईबापूंनी ऐकून घेतले आणि तार माझ्या हातातून काढून घेतली. त्याच संध्याकाळी नवा स्विच मागवला. किंमत वीस डॉलरच्या आत. तो यायला चार दिवस लागले. तोवर गवत वाढले. पालिकेची नोटीस काही आली नाही.

त्या रात्री मी गावी फोन लावला. तिथे रात्रीचे नऊ, इकडे सकाळचे साडेसहा. धाकट्याला म्हटले, "त्या रात्री गिअर मी टाकून ठेवला होता. तुला सांगितलं नाही." बराच वेळ तिकडून आवाज नाही. मला वाटले, फोन तुटला.

मग तो म्हणाला, "दादा, मला ठाऊक होतं. रात्री तूच लावला होतास, दुसरं कोण असणार? पण दांडा हलवून बघायला मलाही कुठे सुचलं?" आणि थोडे थांबून म्हणाला, "आज विषय काढलास ते बरं केलंस. पोरगा मिनी ट्रॅक्टर पंधरा दिवसांपासून पाना टेकवूनच चालू करतोय. मी सांगितलं तर म्हणतो, तुमच्या मनात जुनं भय बसलंय."

मी तसाच पुतण्याला फोनवर बोलावून घेतले. तो म्हणाला, "काका, फवारणीचे दिवस आहेत. गडबड उरकली की करतो दुरुस्त."

मी म्हटले, "अरे, हेच वाक्य मी १९८७ साली बोललो होतो. दोन दिवस शेजारच्याचा ट्रॅक्टर भाड्याने आण. भाडं माझ्या नावावर लिही. पण आजपासून त्या सेल्फला पाना लागता कामा नये." मग त्यालाही मी गिअरची गोष्ट सांगितली. बापाचा पाय का गेला, हे त्याला तोवर पुरते माहीत नव्हते. त्याने त्याच दिवशी मिस्त्री बोलावला.

सप्टेंबरात परत आलो, तेव्हा ओहायोच्या बाबांचा धडा आमच्या ट्रॅक्टरला लावून पाहिला. आपला ट्रॅक्टर डिझेलचा, त्याला चोक नाही. पण बाकीची रीत तीच. आमच्या घरी आता ती अशी ठरली आहे.

संध्याकाळी ट्रॅक्टर सपाट जागी लावायचा. रोटाव्हेटर किंवा नांगर जमिनीवर टेकवायचा, वर लोंबकळत ठेवायचा नाही. हँडब्रेक ओढायचा आणि चाकाला दगड. किल्ली काढून घरात खुंटीला, पोरांचा हात पोचणार नाही इतक्या उंच.

सकाळी आधी ट्रॅक्टरभोवती एक फेरी. खाली कोंबडी, कुत्रे, पोर कोणी बसले आहे का, ते वाकून पाहायचे. सावलीसाठी लहान मुले मागच्या चाकाला टेकून बसतात, हे आपण सारे जाणतो. मग ऑइलची कांडी, रेडिएटरमधले पाणी, डिझेल, फॅनबेल्ट, चाकांची हवा. रेडिएटरचे झाकण थंड असतानाच उघडायचे. तापल्यावर उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते.

नंतर डाव्या बाजूने वर चढून जागेवर बसायचे. गिअरचा दांडा हाताने हलवून न्यूट्रल आहे याची खात्री करायची. पीटीओ बंद. क्लच पूर्ण दाबायचा आणि मगच किल्ली. नव्या बऱ्याच ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. ती सोय आपल्या जिवासाठी आहे. कंपनीची कटकट म्हणून ती काढून टाकू नये. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेकची कडी जोडायची, नाहीतर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर उलटतो.

मडगार्डवर कोणी बसायचे नाही. शाळेत जाणाऱ्या पोरांना उशीर झाला तरी नाही, पाहुण्याला राग आला तरी नाही.

आणि घरच्या बायामाणसांसाठी एक. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचे टोक त्यात सापडले, तर 'अगं बाई' म्हणायच्या आत लुगडे गुंडाळले जाते आणि माणूस ओढला जातो. चालू मळणीयंत्राजवळ पदर खोचून, केस बांधून जावे. यंत्रात घास अडकला तर आधी इंजिन बंद, मग हात. मळणीयंत्रात माणसांचे हात इतके गेले, की १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला. त्या दांड्यावरचे प्लॅस्टिकचे कवच फुटले असेल, तर ते आधी बदलून घ्यावे. पोत्याचा तुकडा गुंडाळून भागत नाही. तो तुकडाच आधी ओढला जातो.

या साऱ्याला रोज सकाळी किती वेळ लागतो, ते पुतण्याने एकदा घड्याळ लावून पाहिले. सात मिनिटे. पहिल्या आठवड्यात तो कुरकुरला. आता सवय झाली आहे. धाकटा ओट्यावर चहा घेत बसलेला असतो. पुतण्या वर चढला की गिअरचा दांडा डावीकडे-उजवीकडे हलवतो. त्याचा खटखट आवाज ओट्यापर्यंत येतो. तो ऐकला की धाकटा चहाची बशी तोंडाला लावतो.

वाचकहो, ट्रॅक्टर नवा असो की जुना, कोणाच्या घरी किल्लीचा स्विच बिघडला असेल, हँडब्रेक धरत नसेल, पाना टेकवून काम भागत असेल, तर हा अंक खाली ठेवून आधी मिस्त्रीला निरोप धाडा. हंगाम दोन दिवस थांबतो. आमच्या घरी तो छत्तीस वर्षांपूर्वी थांबवला नाही, म्हणून हे लिहावे लागले.